आवडाबायचा हात

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा ऊनवलीला गाडीरस्ता नव्हता. कोकणातल्या वाकी नदीच्या खोऱ्यात, दोन डोंगरांच्या कुशीत हे गाव. नदीकाठच्या कातळातून तिथे कढत पाणी वर येतं, ते आजही येतं. लोक घाटावरून पायवाटेनं उतरत, खाडीतून होडीनं येत. कुणाचे सांधे धरलेले, कुणाची कंबर मोडलेली. नदीचं वळण, काठची सुरंगीची झाडं आणि सकाळची वाफ पाहिली की दुखणेकरी तिथेच अर्धा बरा होई, असं म्हणतात. उरलेलं अर्धं काम आवडाबायकडे होतं.

ऊनवलीत कुंडं दोन, आणि काठावर त्या पाण्याच्या देवीचं लहानसं देऊळ. वरच्या कुंडात फडक्यात तांदूळ बांधून सोडले तर त्यांचा भात होतो, म्हणून तिथे कुणी उतरत नाही. खालचं कुंड आंघोळीचं. त्यात वरचं कढत पाणी येतं आणि पाटानं नदीचं गार पाणीही येतं. या दोन पाण्यांचा मेळ घालणं हे आवडाबायच्या सासरचं पिढीजात काम. ती लग्न होऊन आली तेव्हाच सासूनं तिला ते शिकवलं. रोज उजाडताना उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, घरातल्या पाच पूर्वजांची नावं सावकाश घ्यायची, आणि मग काठावरच्या लोकांना म्हणायचं, "या." ते "या" ऐकल्याशिवाय खोतानंही पाण्याला पाय लावायचा नाही, अशी रीत होती. चाळीस वर्षं ती "या" म्हणत आली. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. तो एक शब्द हाच तिचा संसार होता.

एकदा पावसाळा सरता सरता तिनं चुलीवरचं मडकं उतरवलं आणि तिला करपल्याचा वास आला. पाहते तर स्वतःचीच बोटं भाजलेली. तिला काही कळलंच नव्हतं. चाळीस वर्षं कढत पाण्यात गेलेला हात हळूहळू बधिर झाला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायला गेली तर हाताबरोबर तो शब्दही जाणार, आणि मग त्या एकट्या बाईला विचारणार कोण? डावा हात घालावा, तर लोक कारण विचारणार. तिनं भाजलेली बोटं पदराखाली घेतली आणि वाफ पाहून अंदाज बांधायला लागली. नजर तयार होती, अंदाज बरोबर निघत गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन महिने कुणाला संशय आला नाही, आणि असंच निभून जाईल असं तिलाही वाटायला लागलं.

पौषातल्या एका सकाळी खोऱ्यात असं धुकं उतरलं की काठावर उभं राहून नदी दिसेना. त्या दिवशी घाटावरून मैना आली होती, एका कुंभाराची सून. बाळंतपणानंतर तिचे पाय आखडले होते. तान्हं मूल सासूपाशी ठेवून नवऱ्यानं आणि दिरानं तिला डोलीतून आणलं होतं. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून गार पाणी बंद झालं होतं, ते मात्र धुक्यात कुणाला दिसलं नाही. आवडाबायनं हात घातला. वाफ कुठली आणि धुकं कुठलं, तिला काही उमगेना. तिनं नावं घेतली. पाचव्या नावापाशी ती क्षणभर थबकली, असं म्हणतात. मग म्हणाली, "या."

नवऱ्यानं मैनाला पायरीवर बसवलं आणि तिचे पाय पाण्यात सोडले. ते आखडलेले पाय तिला वर ओढता आले नाहीत.

तिला उचलेपर्यंत गुडघ्याखालची कातडी सुटली होती. जरा भानावर आल्यावर तिनं आवडाबायकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुमी या म्हणालासा म्हणून पाय सोडलं."

गाव जमलं. गावाचा मानकरी धाकू गावकर आवडाबायला बाजूला घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता.

"आवडे, देवीचा कोप झाला असा सांगू," तो म्हणाला. "तुला कोन बोलायचा नाय. नायतर उद्या ह्या पान्याला येल कोन?"

सुटायला वाट होती, आणि तिला त्या वाटेचा मोह झाला. का होऊ नये? हाडामांसाचीच बाई ती. पण तिकडे मैनाचा नवरा देवीपुढे नाक घासत होता, आमचं काय चुकलं म्हणून विचारत होता. ते तिला पाहवलं नाही. ती वरच्या कुंडाशी गेली, साऱ्यांच्या देखत उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवला.

"बगा," ती म्हणाली. "ह्या हाताला काय कलत नाय. तीन म्हयने झाले, मी लपवून ठेवला. देवीचा दोष नाय, त्या पोरीचा पन नाय. माजा हाय."

मग पाण्याकडे वळून म्हणाली, "आई, हात घे. तिचे पाय दे."

कुणीतरी सोडलेली तांदळाची पुरचुंडी त्या कुंडात होती. तिचा भात होईपर्यंत आवडाबायनं हात काढला नाही, असं म्हणतात. हाताला एकही फोड आला नाही. तो बाहेर आला तो नदीतल्या गोट्यासारखा पांढरा, आणि पुन्हा कधी हलला नाही.

मैनाला तिनं आपल्या घरी ठेवून घेतलं. एका हातानं तिच्या भाजल्या पायांखाली केळीची पानं अंथरली, एका हातानं भरवलं. महिनाभर मैना तिच्याशी बोलली नाही, आणि आवडाबायनं तिला बोल म्हटलंही नाही. शिमग्याच्या सुमारास पायांवर नवी कातडी धरली, आणि तिच्याबरोबर आखडलेले गुडघेही सुटले. मैना आपल्या पायांनी घाट चढून लेकराकडे गेली. निघताना तिनं त्या मेलेल्या हातावर कपाळ टेकवलं. तेव्हा आवडाबाय रडली, त्याआधी नाही.

तिला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणी मोजलेल्या नाहीत. पण ऊनवलीत आजही पाण्यात हात घालण्याआधी कुंड राखणारी बाई काठावर डोळे मिटून उभी राहते आणि तळवा पुढे करते. आलेल्यांतलं जे सगळ्यांत दुखणाईत असेल, ते माणूस त्यावर काहीतरी ठेवतं. कधी गवताची काडी, कधी वाळूचा खडा, कधी आपल्या डोक्यावरचा एक केस. काय ठेवलं ते तिनं सांगायचं. सांगता आलं तरच हात पाण्यात जातो, तरच ती "या" म्हणते. कधी थंडीनं, कधी वयानं तिला ओळखता येत नाही. तेव्हा ती डोळे उघडते आणि म्हणते, "आज माजा हात नाय." कुणी हसत नाही, कुणी कारण विचारत नाही. दुसरी बाई पुढे होते. आणि जिनं ते कबूल केलं, तिला त्या दिवसापुरतं सारं गाव आवडाबाय म्हणतं.