उखाबाबाचा दगड

पुन्हा मलाच पुढं घातलं. गावात मास्तर आहेत, ग्रामसेवक आहे, पण पाहुणे आले की "आबांना विचारा". गुडघे माझे दुखतात, त्यांचे नाही. आलाच आहात तर ऐका. तालुक्याचा बाजार पाहिलात, डोंगरावरची तटबंदी पाहिलीत. हा पाटाच्या काठाला पाठ लावून बसल्यासारखा दगड त्या दोन्हींहून जुना, असं सांगतात.

फार मागं आमच्या चिंचोऱ्यात उखा नावाचा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतोशेत वाटून देणारा. त्याचं शेत पाटाच्या तोंडाशी, तानकाबाईचं पार शेपटाला. एका कोरड्या साली शेपटाला पाणी पोचेना. तानकाबाईच्या कांद्यानं माना टाकल्या. चावडीवर चारचौघांत ती म्हणाली, "उखाभाऊ, तुझा गहू हिरवागार. माझ्या कांद्यानं तुझं काय घोडं मारलं?"

उखा आधीच थकलेला. त्यानं नदीची शपथ घेतली, "पाळीबाहेर थेंब घेतला असेल तर पाटावरून घरी जाणार नाही."

शेतावर येऊन पाहतो तर गव्हात घोट्याइतकं पाणी. खेकड्यांनी पाटाचा काठ पोखरला होता. चोरी त्यानं केली नव्हती, पण शपथ खोटी पडली होती. बघायला कुणी नव्हतं. गप्प राहिला असता तर खपून गेलं असतं. त्याला ते जमलं नाही. त्यानं उभा गहू कापला आणि पेंढ्या बिळांत कोंबल्या. पाण्यानं त्या उचलून नेल्या. तोवर भगदाड पडलं होतं. शेवटी उखा त्यालाच पाठ लावून बसला. तीन दिवस बसला, म्हणे.

तिसऱ्या दिवशी तानकाबाई काठाकाठानं वर आली. "पोचलं, भाऊ. चुकलं माझं. ऊठ आता."

"आता उठवत नाही, बाई," एवढंच तो बोलला. तिनं खांद्याला हात लावला, तर हाताला दगड लागला.

आजही पाटकऱ्यावर आळ घेतला आणि नंतर पाणी पोचलं, तर आळ घेणारानं शेपटापासून इथवर चालत यायचं. दगडाला हात लावून "चुकलं" म्हणायचं, मग पाटकऱ्याला म्हणायचं. आजवर कुणी चुकवलं नव्हतं. हल्ली पाटकरी मी आहे. यंदा भर बाजारात मला पाणीचोर म्हटलं. पाणी पोचलं, कांदा निघाला, गाड्या भरून गेल्या. अजून वर आला नाही तो झुलाल नथू सोनवणे.