द्वारकाबाईंची परवानगी

मालवणच्या द्वारकाबाई पेडणेकर म्हातारपणी एकट्याच परदेशी निघाल्या, त्या बालमैत्रीण कुसुमला भेटायला. कुसुमला आता प्रवास झेपत नव्हता. दोघी शाळा बुडवून खाडीकाठी चिंचा पाडायच्या. ती आंबट चव द्वारकाबाईंच्या जिभेवर अजून होती. प्रवासाची ऑनलाइन परवानगी सुनेनं काढून दिली होती आणि ती मंजूर झाल्याचं निघताना पुन्हा पाहिलंही होतं. पण परवानगीचा कागद फोनमध्येच होता आणि विमानतळावर नेमका फोन बंद पडला.

काउंटरवरचे साहेब गुरकावले, "परवानगीचा कागद कुठाय? त्याशिवाय विमानात चढता येणार नाही."

द्वारकाबाईंचा आवाज हलला नाही. "साहेब, मी कागद दिला असता, तर तो खरा की खोटा हे कसं ओळखलं असतंत?"

"पासपोर्टचा नंबर टाकून संगणकात बघितलं असतं."

"मग पासपोर्ट हा घ्या आणि बघा. जो कागद तुम्ही खरा मानणारच नाही, तो मागता कशाला?"

रांगेत हशा पिकला. साहेबांनी नंबर टाकला. परवानगी समोरच होती. ते ओशाळून म्हणाले, "जा, आजी."

दुसऱ्या दिवशी कुसुमनं दार उघडलं. केस पांढरेशुभ्र, पण हाक तीच.

"द्वारके, किती गं उशीर केलास!"