कामटीचा कातळ

घोटणवाडीच्या वेशीवर, ओढ्याच्या अलीकडे, गुडघाभर उंचीचा एक सपाट काळा कातळ आहे. त्याला कामटीचा कातळ म्हणतात. त्यावर कुणी बसत नाही, कपडेही वाळत घालत नाही. शिकारीला कायद्याने बंदी आली त्याला कितीतरी वर्षे झाली. आता वर्षाच्या गावजेवणाचे बकरे तेवढे कापून इथे आणतात. पाहुणे फोटो काढू लागले की म्हातारे सखोबा गावडे त्यांना थांबवतात आणि आधी रायाजीची हकीकत ऐकवतात.

हा रायाजी फार पूर्वीचा. गावाने पारध केली की जनावर आधी या कातळावर यायचे. रायाजी बांबूची कामटी मांडीत थेट हाडापर्यंत खुपसायचा आणि काढून नाकाशी धरायचा. मांस वरून लालबुंद दिसले तरी नासायला सुरुवात हाडाशी होते, हे त्याला ठाऊक होते. माजावरच्या डुकराचा उग्र दर्प कुठला आणि कुजल्याचा आंबूस वास कुठला, हे तो एका श्वासात सांगे. तो ‘चालतंय’ म्हणाला की मगच घराघराचे वाटे पडत. काळजाचा तुकडा त्याच्या मानाचा.

एका श्रावणात त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण नाक गेले. रायाजीने ते कुणाला सांगितले नाही. पुढच्या दोन पारधींत त्याने रंग पाहिला, बोटाने दाबून पाहिले, कामटी नुसती नाकाशी नेली आणि ‘चालतंय’ म्हणून टाकले. जनावरे ताजी होती, म्हणून निभावले. ओळखले ते फक्त सुनेने, चिमाने. भात पार करपला तरी दारात बसलेल्या सासऱ्याने ‘काय जळलं गं’ म्हणून विचारले नव्हते.

मग पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा मुलगा देवाप्पा याचा भाला एका माजावरच्या डुकराला लागला. ते जाळीत घुसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मेलेलेच सापडले. मरून किती वेळ झाला, कुणाला माहीत नव्हते. पोरे कित्येक दिवस कण्यांवर होती. बायांनी चुली आधीच पेटवून ठेवल्या होत्या.

रायाजीने कामटी खुपसली, काढली, नाकाशी धरली. काहीच नाही. पुन्हा श्वास ओढला.

“बोल की रायाजीबाबा,” देवाप्पा म्हणाला. “का डुकरावर जीव जडला?”

लोक हसले. ‘चालतंय’ अगदी जिभेवर आले होते, असे सांगतात. पण समोर पोरे वाट्यासाठी पाने मांडून बसली होती. रायाजीने कामटी खाली घेतली.

“माझं नाक गेलंय. श्रावणापासनं. मागली दोन जनावरं मी अंदाजानंच ‘चालतंय’ म्हणून सोडली.”

“आन् काळीज खाल्लंस ते?” देवाप्पा ओरडला.

“खाल्लं. त्याचीबी चव लागली न्हाई.” मग तो सुनेकडे वळला. “चिमे, तू हुंग.”

“शिकारीला बाईचा हात?” गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

“हात कुठं, नाक लावायचंय,” चिमा म्हणाली. तिने कामटी हुंगली. खात्रीसाठी दुसऱ्या मांडीतही खुपसून पाहिली. “मामंजी, वरनं माजाचाच दर्प हाय. पर हाडाशी आंबलंय. दोन्हीकडं.”

डुक्कर ओढ्यापलीकडे पुरले. पोरे त्या दिवशीही कण्याच जेवली. रायाजीचे आभार कुणी मानले नाहीत. देवाप्पा तर वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, म्हणे. रायाजीने हुंगायचा मान सुनेला दिला, पण देताना पंचांना बजावले की आपल्याला कधी कुणी तपासले नाही, हिला मात्र दर खेपेला तपासा.

आजही कामटी हातात देण्याआधी हुंगणाऱ्याचे डोळे फडक्याने बांधतात. गावात सगळ्यात शेवटी लग्न होऊन आलेली सून त्याच्या नाकाशी कालवणातले तिरफळ, ओली माती, जुने तूप असे काहीबाही धरते. गेल्या साली हुंगायला सरपंच बसले होते; त्यांनी तिरफळाला ‘आलं’ म्हटले. त्या नव्या सुनेने त्यांच्या डोळ्यांवरचे फडके सोडले आणि मागे पाळीला उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांवर बांधले.