कडेचं भोक आणि नवरीचा मामा

आमच्या घाटात माझ्यासारखा ड्रायव्हर दुसरा नाही. आता रस्त्यात पडलेल्या एकुलत्या एक खिळ्यावर गाडी मीच घातली, ही बारीकशी गोष्ट सोडा.

मागच्या सीटवर भाची शर्वरी मुंडावळ्या बांधून बसलेली. लग्न घाटाखाली, मुहूर्त जवळ आलेला, आणि टायरवाला दस्तगीर नुसती मान हलवतोय. "काका, भोक अगदी कडेला आहे. तिथं पॅच टिकत नाही, घाटात टायर फुटेल. नवा मागवतो, थोडं थांबा."

"तोवर नवरदेव म्हातारा होईल!" मी ओरडलो. "लाव पॅच. टिकतो का नाही ते मी बघतो."

शर्वरीनं काच खाली केली. "लावा हो पॅच, दस्तगीरभाऊ. मामा एकटेच गाडी घेऊन खाली जातील. पोचल्याचा फोन आला की मी मागनं एसटीनं येते."

दस्तगीर फिस्सकन हसला. पण गप्प बसेन तर मी कसला! म्हटलं, "वा गं शहाणे! आणि मी नाही पोचलो, तर तुला बोहल्यावर नेणार कोण? तिथं मामाच लागतो!"

"म्हणून तर धाकट्या मामांना आत्ताच फोन केला," शर्वरी म्हणाली, "फेटा बांधून तयार राहा म्हणून."