आपोआप शिकणारी भट्टी

"या भट्टीत एक तरी खोट काढून दाखव, तीही हात न लावता! नाहीतर मुदपाकखान्यातून चालती हो," राजा चंडसेनाने फर्मावलं.

समोर गोजरा उभी होती. वीस वर्षं तिथल्या चुली सांभाळणारी बाई. तिचा गुन्हा एवढाच, की त्रिलोचन कारागिराच्या नव्या भट्टीकडे पाहून ती हसली होती. भट्टी नवलाची होती खरी. पंगतीला रोज किती पानं पडतात हे तिने बारा दिवस पाहिलं, आणि आता तेवढेच तांदूळ, तेवढंच लाकूड ती आपलं आपण ओढून घेत होती. काडीचीही नासाडी नाही, असं त्रिलोचन मिशीला पीळ देत सांगायचा. राजा तर तिच्यावर पुरता लट्टू झाला होता.

मुदपाकखाना सुटला तर जायचं कुठे? तरी गोजराने पदर खोचला.

"दिवस मात्र मी निवडणार, महाराज. आजपासून तीन दिवसांनी."

"कुठलाही निवड," त्रिलोचनच मध्ये बोलला. "किती शिजवायचं ते तिचं तिला कळतं, बाई."

"मग त्या दिवशी कोणी काही बोलायचं नाही," गोजरा म्हणाली. राजाने मान डोलावली.

ठरल्या दिवशी सगळे ओठ मिटून जमले. भट्टी धडाडली. मोळ्यांमागून मोळ्या ओढत तिने रोजच्यासारखा बरोबर तीनशे माणसांचा भात रांधला, तोही छान मोकळा. भट्टीच्या कौतुकात राजाला तिथीचंही भान नव्हतं. गोजराने पान मांडून भात वाढला. राजाने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"अगं, आज एकादशी!"

"होय, महाराज. अख्ख्या राजवाड्याला उपास. काडीचीही नासाडी नाही म्हणतात, मग एवढं लाकूड कोणासाठी जाळलं?"

त्या बारा दिवसांत एकादशी आलीच नव्हती, असं त्रिलोचन चाचरत म्हणाला.

"तेच मी म्हणते. जे पाहिलं तेवढंच तिला येतं."

राजा रिकाम्या पोटी इतका हसला, की त्याला कळ लागली. भात हत्तींना गेला आणि लाकडाच्या कोठाराच्या किल्ल्या गोजराच्या कमरेला. भट्टी राहू दे, पण गोजराच्या हाताखाली, असा हुकूम निघाला.

"आणखी किती दिवस शिकावं लागेल तिला?" त्रिलोचनने पडेल आवाजात विचारलं.

"मला वीस वर्षं लागली," गोजरा म्हणाली. "ती हुशार आहे, एकोणिसांत शिकेल!"