पगडबंदाची पेढी वेशीबाहेर गेली

पुरुष उघड्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर पडत नसत, त्या काळातली गोष्ट. एका गावात एक पगडबंद होता. ऐन चौकात त्याची पेढी. आत कारागीर पगड्या बांधत आणि हा बाहेर ओट्यावर नुसता बसून असे.

नुसता, असं लोकांना वाटे. त्या गावात जिवंत माणसाच्या डोक्याला दोरी लावून माप घेणं अशुभ मानत. म्हणून पगडबंद येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी नजरेनंच मापी. "काका, केस फारच उतरवलेत!" "दादा, आजारातून उठलात वाटतं?" अशी विचारपूस करता करता माप मनात बसे.

पण चौक तो चौकच. गाड्यांचा खडखडाट, शेजारच्या भडभुंज्याचा धूर, ओलं कापड वाळवायला जागा नाही. एके दिवशी कुणाच्या तरी बैलानं नव्या केशरी कापडाचं टोक चघळलं आणि पगडबंदाचं डोकं फिरलं.

"बास! वेशीबाहेर माळावर पेढी नेतो. ऊन, वारा, शांतता!"

"शांतता तुम्हाला सोसायची नाही," बायको म्हणाली. "जेवतानासुद्धा तुमचा एक डोळा खिडकीबाहेर असतो."

"तुला धंद्यातलं काय कळतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि भांडी बांधायला लागली.

माळावर खरंच सुख होतं. कापड दुपारपर्यंत वाळे, कारागीर पाय पसरून बसत. गिऱ्हाइकं गड्याकरवी निरोप धाडत आणि पगडबंद आठवून आठवून पगडी बांधे. संध्याकाळी मात्र त्याला करमत नसे. भडभुंज्याचे तडतडणारे फुटाणे आठवत, भाजीवाल्यांची भांडणं आठवत. गावातून येणाऱ्या कारागिराला तो विचारी, "चौकात काय चाललंय?"

"तेच आपलं, मालक."

"अरे, तेच म्हणजे काय ते सांग की!"

अशी काही वर्षं गेली. मग नगरशेटचा निरोप आला, "मुलाचं लग्न आहे. नवरदेवाची आणि आम्हा सगळ्या भावांची पगडी तुम्हीच बांधा. मनासारखं काम झालं, तर पिढ्यान् पिढ्या आमच्या घरचं काम तुमच्याकडे. नाही तर शेजारगावचा पगडबंद आहेच."

पगडबंदानं डोळे मिटले. एकेक डोकं लख्ख आठवलं. पगड्या तर अशा देखण्या झाल्या की कारागीर बघतच राहिले.

मांडवात त्या डोक्यांवर चढल्या. शेटच्या भावांचे केस एव्हाना गळून गेले होते. त्यांच्या पगड्या भुवयांवर उतरल्या. नवरदेव पगडबंदाला आठवत होता तो बारक्या मानेचा पोर. आता तो चांगला दांडगा झाला होता.

"अगं बाई," नवरीची आजी म्हणाली, "जावईबापूंनी डोक्यावर वाटी उपडी घातलीय का?"

सगळा मांडव हसला. अंतरपाटामागून नवरीही हसली. नगरशेट तेवढा हसला नाही.

"ही मापं कुणाची?" त्यानं विचारलं.

"तुमचीच, शेटजी," पगडबंद हळूच म्हणाला. "पण मागची."

नगरशेटच्या घरचं काम शेजारगावच्या पगडबंदाकडे गेलं आणि त्यामागोमाग बाकीची गिऱ्हाइकंही. तो दर बाजारच्या दिवशी याच चौकात येऊन बसत असे.

दुसऱ्या दिवशी आपला पगडबंद चौकात आला. जुन्या जागेत आता हलवाई होता.

"दादा, सकाळपुरता ओट्याचा कोपरा द्याल?"

"बसा की," हलवाई म्हणाला. "पण बसल्या बसल्या माशा वारायच्या."

कारागीर माळावरच राहिले. मालक रोज सकाळी चौकात बसू लागला. हळूहळू गिऱ्हाइकं परतली, पण नगरशेट काही परतला नाही. एकदा शेटचा मुलगा समोरून गेला. डोक्यावर शेजारगावची पगडी, अगदी नेमकी बसलेली. पगडबंदानं सवयीनं माप नजरेत घेतलं, मान खाली घातली आणि माशा वारू लागला.

तात्पर्य एवढंच: काम करणारे हात कुठेही बसवावेत, पण ज्यांच्यासाठी काम करायचं, ती माणसं रोज डोळ्यांसमोरून गेली पाहिजेत.