तसबिरीमागची चिठ्ठी

एकदा एका जिल्ह्याच्या कोर्टात एक वृद्ध सरकारी वकील होते. घाई त्यांना ठाऊकच नव्हती. आणि त्यांच्याकडे तपासाचे धडे गिरवणारी फौजदार वैजयंती म्हणजे साक्षात घाईचा अवतार.

एका औषध व्यापाऱ्याच्या बनावट इंजेक्शनाने कुसुमताई भोईटे यांचा तरणाताठा मुलगा गेला होता. व्यापाऱ्याने जाणूनबुजून तो माल विकला, हे सिद्ध होणार होतं केवळ त्याच्या इंटरनेट खात्यावरच्या निरोपांतून. आणि ते साठवलेले होते परदेशातल्या एका कंपनीकडे. गुदामाच्या झडतीत गणपतीच्या तसबिरीमागे वैजयंतीला चिठ्ठी सापडली. तिच्यावर त्या खात्याचा पासवर्ड. तिने तिथूनच वकिलांना फोन लावला.

"सर, दोन मिनिटांत सगळं उघडते."

"उघडू नकोस. चिठ्ठी पाकिटात घाल, लाखेचं सील कर, दोन्ही पंचांच्या सह्या घे."

वर त्याच दुपारी तिला कंपनीला पत्र पाठवायला लावलं: खात्यात आहे ते जसंच्या तसं जपून ठेवा, रीतसर मागणी कोर्टामार्फत येईल.

आता रीतसर म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच. दोन देशांच्या कचेऱ्यांतून कागद फिरत राहिले. व्यापारी जामिनावर सुटला. कुसुमताई दर सोमवारी कोर्टाच्या बाकावर येऊन बसत, काही विचारत नसत. वैजयंती मनातल्या मनात म्हाताऱ्यावर चरफडे.

आठ महिन्यांनी खटला उभा राहिला. व्यापाऱ्याचा वकील मिशीत हसत म्हणाला, "पासवर्ड पोलिसांच्या हाती होता. निरोप त्यांनीच घुसडले."

म्हाताऱ्याने शांतपणे पाकीट न्यायाधीशांपुढे ठेवलं. सील शाबूत होतं. मग कंपनीने प्रमाणपत्रासह पाठवलेली प्रत ठेवली. सोबतच्या नोंदीनुसार जप्तीनंतर खातं एकदाच उघडलं गेलं होतं. व्यापारी सुटला त्या संध्याकाळी, त्याच्याच घरून, सगळं पुसण्यासाठी. जपलेल्या प्रतीत मात्र शब्दन् शब्द होता: 'माल बनावट आहे, लवकर खपव.'

मिशीतलं हसू मिशीतच विरलं. व्यापाऱ्याला शिक्षा झाली.

"झडतीला आपण पंच का नेतो?" बाहेर येताना वकील म्हणाले. "आपण खोटे असतो म्हणून नव्हे. आपल्या खऱ्यालाही साक्षीदार लागतो म्हणून. त्या परदेशातल्या कपाटापाशी तुझे पंच कुठून येणार होते? तू एकटी आत शिरली असतीस, तर सापडलेलं सत्यही तुझ्याच हातचं ठरलं असतं. म्हणून ज्याच्याकडे ते होतं, त्याच्याच हातून आणवलं."

बाकावरून उठून कुसुमताई जवळ आल्या, आणि आठ महिन्यांत प्रथमच त्यांनी विचारलं, "बाई, तो वरच्या कोर्टात गेला तर?"

"जाऊ दे, ताई," वैजयंती म्हणाली. "आपलं सील कुठेही तुटलेलं नाही."